परतलेल्या सैनिकाचे ऋण

रणात पडलेल्या वीराची गती काय होते, या प्रश्नाचे उत्तर भारतीय धर्मपरंपरेने फार पूर्वी आणि निःसंदिग्धपणे देऊन ठेवले आहे. परंतु त्याच रणातून जो जिवंत परत आला, त्याचे पुढे काय, उरलेल्या आयुष्यात त्याने कोणाचे देणे मानायचे आणि ते कसे फेडायचे, याविषयी ती परंपरा आपल्या रूढ शिकवणीत त्या मानाने फारच कमी बोलते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, ही उणीव दगडात कोरलेली पाहायला मिळते. गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या पाराशेजारी किंवा एखाद्या पडक्या शिवालयाच्या आवारात विरगळ उभी असते, म्हणजे झुंजीत मृत्यू आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिची रचना बहुधा ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत झुंज असते, आणि ती गुरे वळवून नेणाऱ्यांशी झालेली असेल तर वीरापाशी गायींची रांगही कोरलेली दिसते. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर त्याची कीर्ती राहील. गावकऱ्यांना त्याचे नाव ठाऊक नसते, तरी ते त्या शिळेला शेंदूर लावतात. त्याच झुंजीत त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेला, जखमा घेऊन घरी आलेला आणि पुढे तीस-चाळीस वर्षे जगलेला जो दुसरा गडी असेल, त्याच्यासाठी मात्र या शिळेवर चौथी चौकट नाही.

माजी सैनिकांच्या संघटना सामान्यतः दोन प्रकारे पाहिल्या जातात. कोणी त्यांना निवृत्तिवेतन, दवाखाना आणि कॅन्टीन यांसाठी सरकारदरबारी भांडणारी संस्था मानतो, तर कोणी जुन्या आठवणींत रमणाऱ्या मंडळींचे स्नेहमंडळ समजतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींत कमीपणा वाटावा असे काही नाही. परंतु या संघटनांचे जे बळ आहे, जे पद, वेतन आणि धोका हे सारे संपल्यावरही वयाच्या सत्तरीत माणसाला दुसऱ्याच्या कामासाठी एसटीने तालुक्याला नेते, त्याचा उगम या दोहोंत सापडत नाही. तो ऋणाच्या कल्पनेत आहे, आणि ही कल्पना मुळातच धार्मिक आहे.

भगवद्गीतेत युद्धाला उभ्या राहिलेल्या अर्जुनापुढे दोनच शक्यता ठेवलेल्या आहेत: मारला गेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. जिंकून परतल्यावर मनाचे काय होईल, हा प्रश्न तेथे येत नाही, कारण ती युद्धापूर्वीची घडी आहे. तो प्रश्न महाभारताने पुढे ठेवला, आणि एकदा हाती घेतल्यावर मात्र त्याला विस्तीर्ण जागा दिली. स्त्रीपर्वात रणभूमीवर आप्तांची प्रेते ओळखत फिरणाऱ्या स्त्रिया आहेत. गंगाकाठी मृतांना जलांजली देण्याच्या वेळी कुंती कर्णाचे जन्मरहस्य उघड करते, आणि ज्याला शत्रू म्हणून मारले तो थोरला भाऊ होता हे पांडवांना त्या पाण्यात उभे असताना कळते. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर राज्य टाकून वनात जायला निघतो, आणि भाऊ, द्रौपदी, व्यास व कृष्ण या सर्वांना त्याची समजूत घालावी लागते. मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत आभीर लुटारू तुटून पडतात, आणि गांडीव धनुष्य चढवताना त्याला कष्ट होतात, अस्त्रे आठवत नाहीत. शस्त्राने ज्याचा मान वाढवला, त्यालाच उतारवयात शस्त्र ओळख देत नाही, हे महाभारताने आपल्या सर्वांत लाडक्या योद्ध्याच्या बाबतीत सांगितले आहे. ज्या गीतेवरून सैनिकाला धर्म शिकवला जातो, तिच्याइतकेच हे उत्तरार्धातील भाग माजी सैनिकाच्या कामाचे आहेत; कीर्तन-प्रवचनांत ते क्वचितच येतात, ही खेदाची गोष्ट आहे.

या उत्तरार्धातील सर्वांत विलक्षण प्रसंग आश्रमवासिकपर्वात येतो. युद्धाला बरीच वर्षे लोटल्यावर, धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात राहत असताना, व्यास गंगेच्या पाण्यातून युद्धात मेलेल्या सर्वांना एका रात्रीपुरते वर बोलावतात. दोन्ही पक्षांचे वीर वर येतात, मनात वैर न ठेवता एकमेकांना आणि जिवंत असलेल्या आप्तांना भेटतात, कर्ण आणि पांडव भाऊ म्हणून भेटतात, आणि रात्र संपताच सारे पाण्यात परत जातात. युद्ध संपते ते शस्त्र खाली ठेवले तेव्हा नव्हे. मेलेले आणि उरलेले यांची गाठ पडून त्यांच्यातील हिशेब पुरा झाला की मगच ते संपते, असा याचा अर्थ घेता येतो. माजी सैनिकांच्या मेळाव्यात पलटणीतील दिवंगतांची नावे वाचून उभे राहण्याची जी रीत आहे, तिला औपचारिकता म्हणणारे या प्रसंगापाशी थोडे थांबले तर बरे.

नगरला, कारण जिल्ह्याचे नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे, सैन्याचा शेजार जुना आहे. येथील छावणी इंग्रजी अमलातली; भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात राष्ट्रीय नेते कैदेत होते तेव्हाही तो लष्कराच्याच ताब्यात होता. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला येथे स्थिरावली, १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या यांत्रिक पायदळाचे रेजिमेंटल सेंटर येथेच आहे, आणि शहराजवळचे रणगाडा संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली येतात. परंतु जिल्ह्यातून सैनिक निघतात ते या शेजारामुळेच असे नाही. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा अवर्षणाचा पट्टा आहे. पाऊस नसलेल्या वर्षी पाथर्डीतून एक भाऊ ऊसतोडीला जातो आणि दुसरा भरतीच्या मैदानावर धावतो. सैन्यातील नोकरी ही पुष्कळ घरांत आधी भाकरीची सोय होती आणि देशसेवा मागाहून अनुभवाने आली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यामुळे त्या सेवेचे धर्ममूल्य कमी होते काय? स्वधर्माची कल्पना, म्हणजे प्राप्त स्थितीत वाट्याला आलेले कर्तव्य पुरे करण्याची कल्पना, माणसाच्या पोटात भूक नसावी अशी अट कोठेही घालत नाही. सैनिकाने कोणत्या कारणाने घराचा उंबरठा ओलांडला, यापेक्षा पहाऱ्यावर उभा असताना तो काय करत राहिला, यावर ती सेवा तोलली पाहिजे.

परतण्याची घटनाही येथे नीट पाहावी लागते. साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनीत येतो तेव्हा त्याचे वय पस्तीस ते चाळीसच्या आसपास असते. आश्रमव्यवस्थेने, म्हणजे आयुष्याचे ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ व संन्यास असे चार टप्पे पाडणाऱ्या विचाराने, घरातून हळूहळू बाहेर पडण्याचा क्रम सांगितला आहे. सैनिकाचा क्रम त्याच्या उलट आहे. ऐन तारुण्यात तो एका ट्रंकेत मावेल इतक्या सामानावर राहतो, आज्ञेप्रमाणे उठतो-झोपतो, आपला-परका न करता एका पंगतीला जेवतो, सर्वधर्म स्थळात, म्हणजे एकाच छपराखाली निरनिराळ्या धर्मांची पूजास्थाने असतात तेथे, सर्वांबरोबर उभा राहतो आणि मृत्यूचा विचार रोजच्या कामासारखा करायला शिकतो. आणि जेथे संन्याशाने पोचावे तेथून, भर चाळिशीत, तो बांधावरच्या वादात, भावकीत, मुलांच्या फीमध्ये आणि सोसायटीच्या कर्जात परत येतो. वर्षाकाठी दोन महिन्यांच्या सुट्टीपुरताच घरी असलेला हा माणूस मुलांना पाहुण्यासारखा वाटतो. गावाशी त्याचे बोलणे जुळायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात त्याला जे समजू शकतात ते त्याच वाटेने आधी आलेले असतात. संघटनेची गरज येथून सुरू होते.

या बंधाचे स्वरूप काय, यावर पाश्चात्त्य विचारवंतांनीही लिहिले आहे. अॅरिस्टॉटलने मैत्रीचा विचार करताना सहप्रवासी आणि सहसैनिक यांचा एकत्र उल्लेख केला आणि जेवढे सहकार्य तेवढीच मैत्री, असे मानले. त्या न्यायाने प्रवास संपला की मैत्रीही संपायला हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या जे. ग्लेन ग्रे या तत्त्वज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द वॉरियर्स' या ग्रंथात आणखी काटेकोर भेद केला: मैत्रीत माणसाला स्वतःची ओळख अधिक स्पष्ट होते, तर रणातील सोबतीत ती ओळख समूहात विरघळते, आणि म्हणूनच धोका टळला की ती सोबतही ओसरू लागते. हे निरीक्षण तीक्ष्ण आहे आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. पलटणीत एकमेकांसाठी जीव द्यायला तयार असलेले दोघे गावी आल्यावर वर्षानुवर्षे एकमेकांना फोनही करत नाहीत, असे घडते. परंतु मग संघटना टिकतात कशाच्या जोरावर? धोका नाही, हुकूम नाही, समान काम नाही, आणि तरी लोक येतात. ग्रे यांच्या विवेचनात न आलेली गोष्ट ती हीच की, धोका गेला तरी धोक्यातून निर्माण झालेले देणे जात नाही.

वैदिक विचारात माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले आहे: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. यज्ञाने पहिले, अध्ययनाने दुसरे आणि संततीने तिसरे फिटते. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे, मनुष्यांचे ऋण घातले, आणि ते माणसांना आसरा व अन्न देऊन फेडायचे असे सांगितले. यांतील काही ऋणांचे एक वैशिष्ट्य असे की, ज्याच्याकडून मिळाले त्यालाच परत देता येत नाही; ऋषींचे ऋण त्यांचे ज्ञान आत्मसात करून आणि पितरांचे ऋण मुलाला वाढवून फिटते. परतलेल्या सैनिकाचे देणे याच जातीचे आहे. पहारा बदलल्यामुळे, एका वळणावर गाडी मागे राहिल्यामुळे किंवा केवळ दोन हातांच्या अंतरामुळे तो वाचला आणि शेजारचा गेला. यात त्याचे कर्तृत्व नाही आणि त्याचा दोषही नाही. तरीही मनात राहून जाते की, हे आयुष्य कोणीतरी भरलेल्या किमतीवर चालले आहे. किंमत भरणारा आता हयात नाही. म्हणून फेड त्याच्या बायकोकडे, आईवडिलांकडे, मुलांकडे आणि शेवटी ज्या गावासाठी तो गेला त्या गावाकडे वळते.

ही फेड प्रत्यक्षात कशी दिसते, हे पाहायचे तर समारंभांपेक्षा कागदांकडे पाहावे. सैनिकाच्या लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये, म्हणजे सेवेच्या अभिलेखात घरगुती माहिती नोंदवणाऱ्या आदेशात, व्हावी लागते. ती राहून गेली असेल, किंवा कारकुनाने पत्नीचे नाव एका प्रकारे लिहिले आणि आधार कार्डावर ते दुसऱ्या प्रकारे आले असेल, तर सैनिकाच्या मृत्यूनंतर कुटुंबवेतन अडते. नावामागे 'बाई' लागले की नाही, एवढ्या फरकावर साठी ओलांडलेल्या बाईला प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, बँक आणि दूरच्या राज्यातले रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये खेपा घालाव्या लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही या कामाची सरकारी यंत्रणा आहे. परंतु अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा, डिस्चार्ज बुकातल्या कोणत्या पानाची प्रत जोडायची, नोव्हेंबरात हयातीचा दाखला ऑनलाइन भरताना अंगठा उमटला नाही तर काय करायचे, हे त्या बाईला तिच्या ओसरीवर बसून सांगणारा माणूस बहुधा संघटनेचा असतो. २००३ पासून सुरू असलेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेचे कार्ड काढून देणे, मेस्कोच्या म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाच्या सुरक्षारक्षक भरतीची खबर पोचवणे, ही त्याच जातीची कामे. १६ डिसेंबरचा विजय दिवस आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस व्हावेतच, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी गोळा व्हावाच. पण संघटनेचा कस लागतो तो अशा ओसरीवर. ज्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना हारतुरे आणि निवडणुकीतील उमेदवारांची जवळीक यांतून या कामाला वेळ उरत नाही, तिने आपल्या मृत सोबत्यांचे देणे थकवले आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

गावाकडे वळलेल्या फेडीचेही जिल्ह्यात दाखले आहेत. जय हिंद सैनिक सेवा फाउंडेशनसारख्या माजी सैनिकांच्या संस्थेने नगर आणि पाथर्डी भागातील उजाड डोंगरांवर व देवस्थानांच्या परिसरात वड-पिंपळासारखी झाडे लावण्याचे आणि ती जगवण्याचे काम अंगावर घेतले आहे. वडाची सावली ती लावणाऱ्याच्या वाट्याला फारशी येत नाही. पुढच्या पिढ्यांना ती मिळते, आणि ऋणफेडीचा स्वभावही असाच असतो.

या चर्चेत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला टाळून पुढे जाता येत नाही. किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे १९६५ च्या भारत-पाक युद्धात खेमकरण विभागात लष्करी ट्रक चालवत होते. हल्ल्यात सोबती मारले गेले आणि ते वाचले. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि विवेकानंदांच्या एका पुस्तिकेच्या वाचनाने त्याला दिशा मिळाली, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. १९७५ मध्ये गावी आल्यावर त्यांनी प्रथम स्वतःचे पैसे घालून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि तेथून श्रमदान, पाणलोट, दारूबंदी या कामांना सुरुवात झाली. वाचलेल्या सैनिकाचे ऋण गावाकडे कसे वळते, याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. परंतु याच उदाहरणात एक कठीण प्रश्नही आहे. दारू सोडत नाहीत अशांना मंदिरासमोर बांधून चोपण्याची शिक्षा तेथे एके काळी दिली गेली, आणि तिचे समर्थनही झाले. पलटणीतील शिस्त ही स्वेच्छेने घेतलेल्या शपथेवर उभी असते. गावाने अशी शपथ घेतलेली नसते. ऋणको आपल्या देण्याची वसुली दुसऱ्याच्या पाठीवर करू शकत नाही, आणि सैनिकाच्या सेवेचे मोठेपण मान्य करूनही येथे नकारच द्यावा लागतो.

याच्यापुढचा प्रश्न सोबतीच्या कक्षेचा आहे. रणातील सोबत ही जन्मतः अरुंद असते. ती 'आपल्या' पलटणीची, 'आपल्या' बाजूची असते, आणि समोरच्या खंदकातही तशीच सोबत नांदत असते. धर्माच्या दृष्टीने अशी निष्ठा सद्गुण मानायची की कुळाचा अभिमान? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तेथे आहे. गीतेचा शेवटचा श्लोक जेथे कृष्ण आणि धनुर्धर अर्जुन आहेत तेथे विजय आहे, असे सांगून संपतो. रणांगणावरच्या त्याच ग्रंथाची नऊ हजार ओव्यांची टीका पुरी केल्यावर ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडे जे मागतात, त्यात विजय नाही. दुष्टांचा नाश व्हावा असेही ते म्हणत नाहीत; त्यांचा दुष्टपणा जावा आणि प्राणिमात्रांत परस्परांविषयी जिवाची मैत्री उपजावी, ही ती मागणी आहे. म्हणजे ज्ञानदेवांनी सैनिकाची सोबत नाकारलेली नाही. ती जेथवर वाढायला हवी ती मर्यादा त्यांनी विश्वाएवढी ठेवली.

त्या दिशेने पहिले पाऊल टाकण्याची सोय संघटनांत आहेच. गावात माणसे भावकीने, जातीने आणि पक्षाने बसतात. माजी सैनिकांच्या बैठकीत ती भरतीच्या सालाने आणि पलटणीने बसतात. मराठा, वंजारी, धनगर, बौद्ध, मुस्लिम घरांतील माणसे तेथे एकमेकांना 'साहेब' म्हणतात, आणि जुन्या सुभेदाराला शिपाई तितक्याच आदराने उठून जागा देतो. गावाला ही रीत दाखवता आली, तर संघटनेचा उपयोग तिच्या सभासदांपलीकडे जाईल. ती बैठक संपताच जो तो आपापल्या भावकीत परत गेला, तर ग्रे यांचे म्हणणे खरे ठरेल.

आता या सोबतीची परीक्षा जवळ आली आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्या तरुणांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे सेवेत राहतील, आणि उरलेले चार वर्षांनी सेवानिधी घेऊन परततील. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या, म्हणून त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. या मुलांना पेन्शन नाही, योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी नगरच्याच केंद्रांत कवायत केलेली आहे. त्यांनी शपथ तीच घेतली आहे आणि पहाराही त्याच सीमेवर दिला आहे. म्हणून सरकारने कोणताही दर्जा ठरवला तरी, जिल्ह्यातील प्रत्येक तालुका संघटनेने आपल्या सभासदत्वाच्या नियमांत ती मुले घरी येण्याच्या आधीच त्यांच्यासाठी जागा करावी, आणि पहिल्या बैठकीचे बोलावणे त्यांच्या घरी जाऊन द्यावे.